मांडीवर घेण्याचे निमित्त

कल्याणच्या मराठी शाळेत मी दुसरा मास्तर होतो, तेव्हा बिगारीतली पोरे मला नुसते पाहून रडू लागत. याचा मला अभिमान होता आणि तो मी घरी जेवताना बोलूनही दाखवत असे. त्याच सुमारास माझी स्वतःची अडीच वर्षांची मुलगी मला ओळखत नव्हती. याचा उल्लेख मी कुठे करत नसे.

ओळखत नव्हती म्हणजे अगदीच नाही असे नव्हे. संध्याकाळी एक पुरुष येतो, पागोटे खुंटीला लावतो, पाय धुतो, जेवतो आणि ओटीच्या टोकाला बसून काहीतरी वाचतो, एवढे तिला ठाऊक होते. त्या पुरुषाशी आपला काही संबंध असावा असे तिला वाटण्याचे कारण नव्हते. मी तिला कधी उचलून घेतले नव्हते. त्या काळी आमच्यात वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलाला जवळ घेणे हा निर्लज्जपणा समजत. आजोबांनी नातीला खांद्यावर घेऊन तळ्यापर्यंत मिरवून आणावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिचे गाल ओढावेत, दूधवाल्याने तिला शिंगे दाखवायला गोठ्यात न्यावे. बापाने मात्र दुसरीकडे पाहावे. बायकोशी चारचौघांत बोलणे तर त्याहून वाईट. माझे वडील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर ओटीवरच्या झोपाळ्यावर असत, त्यामुळे दुसरीकडे पाहण्याचा माझा सराव चांगला झाला होता.

एकदा शहाडहून वडिलांचे एक जुने स्नेही आले. त्यांनी मुलीला समोर उभी करून विचारले, "तुझे वडील कोणते गं?"

तिने झोपाळ्यावरच्या आजोबांकडे बोट केले.

"आणि हे कोण?" माझ्याकडे हात करून त्यांनी विचारले.

"मास्तर," ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, आणि परसात जाऊन धुतलेले पाय पुन्हा धुतले. मला वाईट वाटले. वाईट वाटले म्हणून राग आला, आणि राग काढायला घरात कुणी नव्हते म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत एका निरपराध पोराला अंगठे धरायला लावले. आठव्या-नवव्या वर्षी मुलगी लग्न होऊन परक्याच्या घरी जायची. म्हणजे बाप होण्यासाठी माझ्या हातात मुळातच थोडी वर्षे होती, आणि त्यातली काही मी खुंटीकडे पाहण्यात घालवून बसलो होतो. ती मला बाप म्हणून कधी ओळखणारच नाही, ही धास्ती त्या दिवशी मनात बसली ती उठेना.

मला वाचवले ते शिक्षणखात्याने. शाळा तपासायला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी जाताना मुंबईत छापलेली काही पुस्तके नमुन्यादाखल ठेवली. त्यांत एक पुस्तक फक्त चित्रांचे होते. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ. हेडमास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिले, यात पाठ करण्यासारखे काही नाही असा निर्णय दिला आणि ते माझ्याकडे सरकवले. मी ते उपरण्यात गुंडाळून घरी नेले. वाटेत वडिलांपुढे करायच्या भाषणाची तयारी केली.

"अलीकडे विद्वानांचे असे मत पडले आहे," झोपाळ्यापुढे उभा राहून मी म्हणालो, "की अगदी लहान मुलांस चित्रे दाखवून, प्रश्न विचारून ज्ञान द्यावे. त्याचा अनुभव घेऊन पाहणे आमच्या खात्यास इष्ट वाटते. त्याकरिता घरातलेच एखादे मूल—"

वडिलांनी झोपाळा थांबवला. "सरकारी काम आहे?"

"खात्याचं आहे," मी म्हणालो. हे अर्धे खोटे होते.

"मग कर," वडील म्हणाले. जन्मभर कचेरीत काढलेल्या माझ्या वडिलांच्या मते सरकारी कामाला सोवळेओवळे लागू होत नसे.

अशा रीतीने, जवळजवळ सरकारी हुकमाने, मी माझ्या मुलीला प्रथम मांडीवर घेतले. ती इतकी गरम आणि इतकी हलकी असेल असे मला वाटले नव्हते. पण हा आनंद फार टिकला नाही, कारण मी लगेच शिकवायला लागलो.

"नीट बस. हा प्राणी कोणता? याला पाय किती? याचे उपयोग सांग."

तिने पान चाटले. मी पुस्तक वर धरले. तिने ते खाली ओढले. मी प्रश्न पुन्हा विचारला, शाळेत विचारतो त्याच आवाजात, आणि शाळेत होते तेच झाले. ती रडू लागली. वडिलांनी घसा खाकरला. आतून आई म्हणाली, "अरे, गायीचे उपयोग तिला कशाला? दूध पिते की रोज!" त्याच वेळी स्वयंपाकघरात एक पातेले जरा जास्तच जोरात आपटले. हे माझ्या बायकोचे मत होते. ती माझ्याशी सगळ्यांसमोर बोलू शकत नव्हती, पण तिची भांडी बोलत. त्यांची भाषा मला लग्नानंतर सहा महिन्यांत येऊ लागली होती, संस्कृत मात्र अजून येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ती पाणी काढायला आली तेव्हा मी राखुंडीने दात घासत होतो. तोंड भरलेले असताना मला गाठण्याची तिची जुनी युक्ती होती.

"तुम्ही तिची परीक्षा घेता," ती पोहरा आत सोडत म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हणालो.

"घेताच. जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते तिला कशाला विचारायचं? गायीला पाय किती हे तुम्हाला माहीत नाही का? तिला काय दिसतं ते विचारा. आणि मग जरा गप्प बसा. तेवढं जमेल का?"

मी चूळ भरेपर्यंत ती घागर घेऊन गेली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशी माझी अवस्था. गप्प बसणे ही गोष्ट ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवली नव्हती, आणि पगारही बोलण्याचा मिळत असल्यामुळे मी तिचा कधी विचार केला नव्हता.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडले आणि म्हणालो, "बघ बरं." पुढे तोंड बंद ठेवले. हे फार अवघड असते. दोनदा माझ्या तोंडात 'उपयोग' हा शब्द आला आणि मी तो गिळला.

बऱ्याच वेळाने तिने गायीच्या पाठीवर बोट ठेवले. "हिचं हे कुठे गेलं?"

मी पाहिले. गायीला वशिंडच नव्हते. चित्राचा ठसा विलायतेहून आलेला असणार. ती साहेबाच्या देशातली गुटगुटीत, सपाट पाठीची गाय होती. मी ते पुस्तक शाळेत चाळले होते, घरी चाळले होते, खालची ओळ शुद्धलेखनासाठी तपासली होती, आणि मला हे दिसले नव्हते.

"कुठे गेलं असेल?" मी विचारले. मला खरोखरच ठाऊक नव्हते.

"घरी ठेवून आली," ती म्हणाली.

"आणि चालली कुठे?"

"मामाकडे."

त्या दिवसापासून पुस्तकातले सगळे मामाकडे जाऊ लागले. हत्ती मामाकडे चालला, होडी मामाकडे चालली, आगगाडी तर मामाकडेच जायची, त्यात वादच नव्हता. सिंहाला मामा नाही म्हणून तो दात दाखवत होता. एका चित्रात विलायती घर होते, त्याच्या छपरातून धूर निघत होता आणि दारात एक बाई हसत उभी होती. माझी आई कामाच्या मिषाने ओटीवर येई आणि त्या पानाशी थांबे. "घराला आग लागलीय आणि ही मेली हसतेय बघा," ती दरवेळी म्हणे. मग आग कशाने लागली, कुणी विझवायची, बाईला सासू आहे की नाही यावर आजी-नातींची चर्चा चाले. मी मध्ये बसलेला असे. विद्वानांच्या मताप्रमाणे ज्ञान मी द्यायचे होते, पण मला बोलायला जागाच मिळत नसे.

पुढे अपेक्षा वाढल्या. नुसते पाहून तिचे भागेना. म्हैस कशी ओरडते ते मी ओरडून दाखवावे, घोडा मान कशी हलवतो ते पागोट्यासकट हलवून दाखवावे, असे फर्मान निघू लागले. मी आधी हळू ओरडलो. "मोठ्यांदा," ती म्हणाली. मी झोपाळ्याकडे पाहिले. वडिलांनी पोथी डोळ्यांपुढे इतकी जवळ धरली होती की तिच्यातले एक अक्षर त्यांना दिसणे शक्य नव्हते. मी मोठ्यांदा ओरडलो. रस्त्यावरून जाणारा एक शेतकरी थांबून आमच्या अंगणात डोकावला आणि म्हैस कुठे दिसेना म्हणून तसाच पुढे गेला.

आता रस्ता म्हटला की शाळेची पोरेही आलीच. आठवड्याच्या आत, मी फळ्याकडे वळलो की मागल्या रांगेतून बारीक रेकणे ऐकू येऊ लागले. पूर्वी मला पाहून रडणारी बिगारीतली पोरे आता माझ्याकडे आशेने पाहू लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारले, "आपल्याबद्दल गावात काही बोललं जातं, ते खरं का?" मी म्हणालो, अनुभव घेणे चालू आहे. ते म्हणाले, "जरा हळू आवाजात घ्या."

नाक गेले ते गेले, पण मुलगी मला शोधू लागली. मी दारात आलो की ती पुस्तक फरफटत आणायची आणि पागोटे काढायच्या आधीच मांडी मागायची. अजूनही ती मला मास्तरच म्हणे. मी स्वतःची समजूत घातली की शब्दात काय आहे. समजूत पटली नाही, पण मांडी तर मिळाली होती.

तेवढ्यात बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले. माझ्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून बाळंतपण ठाण्याला माहेरी करायचे ठरले आणि मुलगी आईबरोबर जाणार हे ओघानेच आले. स्टेशनावर ती आजोबांच्या खांद्यावर होती. मी वळकटी उचलून घेतली होती, कारण तीच सगळ्यांसमोर उचलता येत होती. पुस्तक मी बायकोच्या बोचक्यात घातले. खात्याचे पुस्तक कल्याणबाहेर नेण्याची परवानगी मी कुणाकडे मागितली नव्हती. बायकोने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गाठ मारली.

ठाणे काही लांब नव्हते. गाडीत बसले की तासाभराच्या आत माणूस पोचे. पण बोलावल्याशिवाय जावयाने सासुरवाडीला जाणे म्हणजे मान स्वतःच्या हाताने घालवणे. म्हैस होऊन ओरडताना ज्याला काही वाटले नव्हते त्याला इथे मात्र मान आठवला, यावरून मी किती शहाणा होतो ते कळेल. तिथे तिचे तीन मामा होते, आजी होती, तळ्याकाठी फिरायला नेणारी मोठी माणसे होती. तिला उचलून घ्यायला कुणाची ददात नव्हती. मी शाळेतून येऊन पागोटे खुंटीला लावी आणि उगाच दाराकडे पाही. महिने गेले. ती विसरणार याची मला खात्री वाटू लागली. त्या वयाची मुले कालची भाजी विसरतात, तर मास्तर काय लक्षात ठेवणार?

मुलगा झाला. बारशाचे बोलावणे आले. आई, वडील आणि मी ठाण्याला गेलो.

सासऱ्यांच्या दिवाणखान्यात बरीच मंडळी बसली होती, त्यांत कोर्टातली आणि कचेरीतली बडी माणसेही होती. मला जावयाच्या मानाने तक्क्याशी बसवले. वडील माझ्या समोरच्या बाजूला बसले. दारात मुलगी उभी होती. उंच झाली होती. हातात पुस्तक होते, त्याचे पुठ्ठे गेले होते आणि पाने दोऱ्याने टाचलेली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि दाराची चौकट धरून उभीच राहिली.

"कोण आलंय सांग बघू?" थोरल्या मामाने तिला विचारले. "हे कोण? सांग, सांग."

मंडळी माना वळवून पाहू लागली. इतकी वर्षे परीक्षा घेत आलो, पण आपणच त्या प्रश्नातले चित्र होऊन बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. सगळ्यांच्या मधून चालत ती आजोबांकडे गेली आणि त्यांच्याजवळ बसली. कुणीतरी म्हणाले, "आजोबांची लाडकी." मी हसलो. माझे तोंड त्या वेळी कसे दिसत असेल ते कुणी पाहिले नसले म्हणजे बरे.

तिने आजोबांच्या पुढ्यात पुस्तक उघडले. "बघ बरं," ती म्हणाली. आणि गप्प बसली. अगदी मी बसायचो तशी, ओठ मिटून.

वडिलांनी पाहिले. "गाय," ते म्हणाले.

"चालली कुठे?"

कचेरीत भल्याभल्यांना जाब विचारलेला तो माणूस गडबडला. ओटीवर रोज कानावर पडत असूनही, पोथी डोळ्यांशी धरण्याच्या नादात, त्यांनी उत्तर ऐकलेच नव्हते असे दिसले. किंवा ऐकले होते, पण ते चारचौघांत म्हणायचा त्यांना धीर होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. वडिलांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिल्याचा तो पहिलाच प्रसंग.

"मामाकडे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो.

तिने मान वर केली. "चूक," ती म्हणाली. "मामाकडून घरी चाललीय."

मंडळी हसली, थोरला मामा सगळ्यांत मोठ्याने. मला हसू आले नाही. "घरी कोण आहे?" मी विचारले. हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेली गोष्ट विचारायला इतकी भीती वाटते हेही ठाऊक नव्हते.

ती उठली, पुस्तक घेऊन दिवाणखाना ओलांडून आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली. मग मागे वळून तिने माझ्या छातीवर बोट टेकवले.

माझे हात हवेत होते, न्हाव्यापुढे काखा करायला बसलेल्या माणसासारखे. समोर वडील, शेजारी सासरे, आणि इथे खात्याचे काम आहे असे म्हणायलाही सोय नव्हती. मग मी हात खाली घेतले आणि तिला धरले. वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. बराच वेळ पाहत होते. आत पातेले वाजले नाही. आत कुणीही काही वाजवले नाही.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. बायको आणि मुले आणखी काही दिवस तिकडेच राहणार होती. आई बायकांच्या डब्यात बसली, त्यामुळे वडील आणि मी एका बाकावर शेजारी शेजारी आलो. असे आम्ही कधी बसत नसू. खाडीवरचा पूल गेला, मुंब्र्याचा बोगदा गेला. मी मनात माफीचे भाषण जुळवत होतो.

"आज तू पोरीला मांडीवर घेतलंस," वडील बाहेर पाहत म्हणाले.

"ती आपण होऊन बसली. मी काही—"

"बसली ती. तू उतरवली नाहीस. मलाही वाटायचं, तुझ्या वेळी. पण माझे वडील ओटीवर असायचे. ते गेले तोवर तुझी मुंज झाली होती. मुंज झालेल्या मुलाला कोण मांडीवर घेतो?"

दिवसभर प्रश्न विचारून पोट भरणारा मी. पण 'पान वाढायला सांगू का' यापलीकडे वडिलांना मी कधी काही विचारल्याचे आठवत नाही. त्या दिवशी विचारले.

"मग तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही राहिलो.

"पाळण्याची दोरी लांब करून घेतली," ते म्हणाले. "पाळणा माजघरात होता. दोरी दारातून ओटीपर्यंत आणली. कचेरीचे कागद लिहिता लिहिता एका हाताने ओढायचो. वडिलांना दिसायचं, पण दोरीबद्दल कुणी काही नियम करून ठेवला नव्हता."

मग उजवा हात थोडा पुढे करून, दोरी धरावी तशी मूठ करून ते म्हणाले, "तू आत पाय झाडायचास, ते इथे कळायचं."